लाल चिठ्ठीवाले फोरमन

एका सज्जन माणसाच्या नावावर मी अकरा वर्षे एक खोटे चालू दिले. ते बोलायला मला अर्धे मिनिटही लागले नव्हते. ते खोटे आहे हे मला आणि त्या माणसाला, एवढ्या दोघांनाच ठाऊक होते. जिला ते ठाऊक असायला हवे होते ती माझी पत्नी. आणि ती ही सारी वर्षे त्या माणसावर मनातून रुष्ट होती. मला खरे तर त्या माणसाविषयी लिहायचे आहे, आणि बहुतेक चांगलेच लिहायचे आहे. पण स्वतःचे हे आधी सांगितल्यावाचून तो अधिकार मला पोचत नाही.

भोसरीतल्या एका कारखान्यात ते फोरमन होते. मी तिथे नियोजन विभागात नवा लागलो होतो. ते भोसरीच्या जुन्या गावातले. घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्याच जमिनीजवळच्या कारखान्यात ते हेल्पर म्हणून चिकटले. "आमच्या बाजरीच्या रानात आता आमी गिअर पिकवतो," असे ते नव्या माणसाला आवर्जून सांगत. काटक शरीर, वर चढवलेल्या बाह्या आणि शर्टाच्या खिशात तीन गोष्टी: पेन, पिवळा खडू आणि सुतळी ओवलेल्या लाल चिठ्ठ्यांचा जुडगा.

या चिठ्ठ्या कारखान्यातल्याच. नको असलेले सामान निवडून काढण्याची आमच्याकडे एक रीत होती. जी वस्तू ठेवावी की काढावी याची खात्री नाही, तिला लाल चिठ्ठी बांधायची आणि जमिनीवर रंगवलेल्या लाल चौकटीत नेऊन ठेवायची. पंचेचाळीस दिवसांत तिची कोणी आठवण काढली नाही, तर ती भंगारात जाई. बहुतेक कारखान्यांत ही रीत पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात पाळली जाते. फोरमन मात्र ती श्रद्धेने पाळत. त्यांच्या चिठ्ठीवर छापील रकाने तीन होते: वस्तूचे नाव, शेवटचा वापर आणि काढण्याचे कारण. चौथा रकाना ते स्वतः हाताने आखून घेत. त्यात लिहिलेले असे: 'वापरणाऱ्याची सही'. बोलण्यात ते 'न्हाई', 'व्हय' करत, पण चिठ्ठीवरची त्यांची भाषा एखाद्या जुन्या शाळामास्तराची होती. 'सदर पाना जबड्यात झिजला असून बोल्टवर पकड घेत नाही,' असे वळणदार अक्षरात लिहून ते त्या पान्याच्या मालकाला शोधत सगळा शॉप, म्हणजे यंत्रांची शेड, पालथी घालत आणि त्याची सही घेत.

त्या चौथ्या रकान्यापायी त्यांना एकदा लेखी मेमो मिळाला. शॉपच्या कोपऱ्यात धातू कातण्याचा एक जुना लेथ होता. त्याच्या जागी संगणकावर चालणारे नवे यंत्र यायचे होते. भंगार नेणारा ट्रक सकाळी दारात येऊन उभा राहिला, आणि फोरमननी सांगितले की ट्रक दुपारपर्यंत थांबेल. का, तर चिठ्ठीवर सही नाही. ज्या कामगाराने तो लेथ बावीस वर्षे चालवला तो निवृत्त होऊन तळेगाव दाभाड्याला राहत होता. फोरमन स्वतःच्या स्कूटरवरून तळेगावला गेले आणि त्याला मागे बसवून घेऊन आले. तो म्हातारा पायजमा-टोपीत आला होता. त्याने शिफ्ट संपताना करतात तसा ब्रश घेऊन लेथच्या पाठीवरचा चुरा झाडला, जिथे तेल द्यायचे तिथे दिले, आणि मग स्वतःच्या हाताने बटण बंद केले. चिंधीला हात पुसत तो एवढेच म्हणाला, "चला." सगळे मिळून दहा मिनिटेही गेली नाहीत. पण ट्रक चार तास थांबला होता, म्हणून मेमो आला. फोरमननी तो मेमो वाचला, त्याला एक लाल चिठ्ठी बांधली, 'शेवटचा वापर' या रकान्यात 'वापर झालेला नाही' असे लिहिले आणि मॅनेजरसाहेबांकडे सहीसाठी परत पाठवला. साहेब हसले की चिडले हे कधी कळले नाही. पुढच्या मेमोची वाट मात्र आम्ही बरेच दिवस पाहिली.

घरीही त्यांचे हेच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी प्रत्येक उपकरणाची आकृती पिवळ्या रंगाने काढली होती. झारा झाऱ्याच्या आकृतीवर, लाटणे लाटण्याच्या. जागा रिकामी दिसली की वस्तू हरवली हे लगेच कळावे. काकू, म्हणजे फोरमनची पत्नी, कधीकधी मुद्दाम झाऱ्याच्या जागी उलथने अडकवून ठेवत आणि ते जेवायला बसले की त्यांचा घास कसा अडतो ते पाहत बसत. एकदा मी गेलो असताना मला म्हणाल्या, "माझी पण एक आकृती काढून ठेवा म्हणावं ह्यास्नी. न्हाईतर मी गेलेली कळायची न्हाई." फोरमन हसले नाहीत. हातातला खडू खिशात ठेवून म्हणाले, "तू गेल्यावर कळायला आकृती कशाला पायजे?"

निवृत्तीनंतर ते दर रविवारी लोकांच्या घरी जाऊ लागले. सुरुवात आमच्याच कारखान्यातल्या लोकांपासून झाली. कोणी भाड्याच्या दोन खोल्या सोडून फ्लॅटमध्ये निघालेला असे, कोणाच्या माळ्यावर पाय ठेवायला जागा उरलेली नसे. निमंत्रण आले की ते जेवण उरकून जात, एका स्टुलावर बसत आणि घरातल्या प्रत्येकाला समोर बोलावत. त्याचा मोबदला म्हणून चहाखेरीज त्यांनी काही घेतल्याचे मला आठवत नाही. 'फेका' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते म्हणत, "हिला रिटायर करायची का?" आणि ज्याची वस्तू त्याच्याकडेच बघून म्हणत. नवरा बायकोच्या डब्यांविषयी बोलू लागला की ते हात वर करत. "तुमच्या मोज्यांचं इचारीन तवा बोला, राव."

तळवड्याच्या एका घरी त्यांना अकरा मोडक्या छत्र्या सापडल्या. घरमालक कोकणातला, आमच्याकडे फिटर. त्याला त्या टाकवत नव्हत्या आणि का टाकवत नाहीत हे सांगता येत नव्हते. फोरमननी सगळ्या छत्र्या हॉलमध्ये उघडून मांडल्या. एकीची काडी, दुसरीची मूठ, तिसरीचे कापड असे जुळवत त्या दोघांनी संध्याकाळपर्यंत तीन छत्र्या उभ्या केल्या. उरलेल्या आठांच्या सांगाड्यांवर त्या फिटरने न कुरकुरता सही केली. "तेला छत्र्या नको व्हत्या," फोरमन मला नंतर म्हणाले, "तेला खात्री पायजे व्हती की समदं करून बघितलंय." कुदळवाडीचा एक भंगारवाला, मुसलमान गृहस्थ, त्यांच्याकडून आलेला माल वेगळा ठेवी. म्हणे, "काका का माल है, किसी का दिल पीछे नहीं रहता इस में." फोरमनना मिळालेले हे एकच प्रशस्तिपत्र, आणि ते त्यांना मेमोपेक्षा कितीतरी जड वाटे.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही भोसरीतली जागा सोडून मोशीला चौथ्या मजल्यावर राहायला निघालो, तेव्हा मीच त्यांना बोलावले. ते लागोपाठ तीन रविवार आले. लग्नात आलेले आणि खोक्यातून कधी न निघालेले सरबताचे ग्लास, जळलेल्या मिक्सरची मोटर, आईस्क्रीमचे रिकामे डबे, माझ्या कंपनीच्या कोऱ्या डायऱ्या: सगळ्यांचे खटले त्यांनी शांतपणे चालवले. गणपतीच्या जुन्या मखराला हात लावायला नकार दिला. म्हणाले, "हे देवाला इचारा, मला न्हाई." माझ्या मुलीला त्यांनी चिठ्ठी स्वतः लिहायला दिली आणि तिने आपल्या मोडक्या सायकलवर 'सदर सायकल' असे लिहिले, तेव्हा ते खूष झाले.

दुसऱ्या रविवारी कपाटाच्या तळातून माझ्या पत्नीचा टाइपरायटर निघाला. मराठी अक्षरांचा, लोखंडी, दोन हातांनी उचलावा लागे असा. ती लातूरकडची. लग्नाआधी तिने मुलांच्या शिकवण्या घेऊन तो जुना विकत घेतला होता आणि त्याच्यावर सराव करून मराठी तीस, मग मराठी चाळीस अशा टंकलेखनाच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. फोरमननी त्याच्या आच्छादनावरून बोट फिरवले, बोट पाहिले आणि विचारले, "ताई, हे?"

ती म्हणाली, "राहू द्या काका."

त्यांनी चिठ्ठी काढलीसुद्धा नाही. मी म्हणालो की कित्येक वर्षांत त्याच्यावर एक ओळ उमटलेली नाही. त्यांनी मला आपले बोट दाखवले. "धूळ न्हाई, राव. ज्याच्यावर धूळ न्हाई, ती वस्तू वापरात हाय."

ते वाक्य मला खुपले. त्याचे कारण सांगतो. आमची मुलगी दीड वर्षाची असताना माझ्या पत्नीला एका सरकारी कचेरीतून टंकलेखिकेच्या नोकरीचे पत्र आले होते. मला तेव्हा बदलत्या शिफ्ट असत. मी तिला जाऊ नको म्हणालो नाही. "मुलीला कोण बघणार?" एवढेच विचारले. तो प्रश्न नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होते. तिने पत्र घडी घालून ठेवले आणि विषय संपला. टाइपरायटर मात्र घरात राहिला. दर आठवड्याला ती तो पुसे. आणि ती तो पुसू लागली की मी गॅलरीत जाऊन उभा राही.

तिसऱ्या रविवारनंतर ती भावाच्या मुलाच्या बारशाला लातूरला गेली. सामान हलवायला चार दिवस उरले होते. फोरमन चिठ्ठ्यांचा एक जुडगा आमच्याकडे ठेवून गेले होते. मी त्यातली एक टाइपरायटरला बांधली. लिहायला घेतले, पण 'काढण्याचे कारण' या रकान्यापाशी माझे पेन थांबले. मग ती कोरीच ठेवली. कुदळवाडीच्या त्या भंगारवाल्याला बोलावले नाही. तो फोरमनना नक्की बोलला असता. रस्त्यावरून हाक देत जाणाऱ्या एका अनोळखी हातगाडीवाल्याला वर बोलावले. त्याने ते यंत्र खांद्यावर घेतले आणि जिना उतरताना त्याच्यातली घंटा एकदा वाजली.

ती परत आल्यावर तिने पहिल्या तासातच विचारले. मी म्हणालो की तू नसताना काका एकदा येऊन गेले. नव्या घरात हे न्यायचे नाही असे त्यांचे मत पडले. ती म्हणाली, "माझी सही?" आणि मी म्हणालो, "एवढ्या जुन्या वस्तूला सही लागत नाही म्हणाले."

ज्या एका नियमासाठी त्या माणसाने चार तास ट्रक थांबवला होता, तोच नियम मी त्यांच्या तोंडून मोडवला. स्वयंपाकघरात जाऊन तिने गॅस लावला आणि त्यावर काहीच ठेवले नाही.

महिनाभराने ते आमचे नवे घर पाहायला आले, हातात नारळ घेऊन. मी पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन उभा होतो. माझ्या पत्नीने त्यांच्याकडून नारळ घेतला, देवापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही लोकांच्या घरातलं ओझं काढता. माझं ओझं कुठलं, हे मला विचारायला हवं होतं. टाइपरायटर तुम्ही मला न विचारता घालवलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही; माणूस घड्याळाकडे पाहतो तेवढाच. मग ते तिच्याकडे वळून म्हणाले, "व्हय, ताई. इचारायला पायजे व्हतं. चुकलं माझं."

मी त्यांना सोडायला खाली गेलो. आता बोलतील, मग बोलतील अशी मी वाट पाहत होतो. ते लिफ्टच्या आवाजाविषयी बोलले, तिच्या पुलीला ग्रीस लागेल म्हणाले. फाटकाशी स्कूटरला किक मारण्याआधी थांबले. "तुमाला दोघांना एका घरात ऱ्हायचंय. माझ्यावर राग धरला तर काय, मी बाहेरचा हाय. तुमच्यानं व्हईल तवा सांगा तिला."

मला सुटल्यासारखे वाटले. आज त्याच क्षणाची मला सर्वात जास्त लाज वाटते.

माझ्या पत्नीने त्यांची निंदा केली असे मी म्हणणार नाही. हळदीकुंकवाला कोणी विषय काढला की ती घडले ते सांगे, म्हणजे जे घडले असे तिला वाटत होते ते. ऐकणाऱ्या बायका आपापल्या माळ्यावरच्या वस्तू मनात मोजत आणि ठरवत की या माणसाला नको. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका सहकाऱ्याने एकदा मला जिन्यात गाठून विचारले, "कसा माणूस आहे हो तो? बोलवावं का?" मी म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा." त्याने बोलावले नाही. हळूहळू त्यांचे रविवार रिकामे होत गेले. काकू एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, रविवारी जेवून उठले की चप्पल घालतात आणि ओट्यावरच बसून राहतात. ते कुणाला काही बोलले नाहीत. एकदा भेटले तेव्हा एवढेच कळले की आता ते चिठ्ठ्या कुणाच्या घरी मागे ठेवत नाहीत. माझ्या खोट्यातूनही आपल्या पद्धतीतली चूक शोधून त्यांनी ती दुरुस्त केली होती.

पुढे काकू गेल्या. मग काचबिंदूने फोरमनची दृष्टी जवळजवळ गेली. या वर्षी मुलांनी जुने घर पाडून इमारत बांधायचे ठरवले. तोवर सर्वांनी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे होते. मुले चांगली आहेत, पण दोघेही चाकणच्या कंपन्यांत कामाला. त्यांना सुट्टीच्या दोन दिवसांत घर रिकामे करायचे होते. एका सकाळी फोरमनचा मला फोन आला. "राव, माझ्या घरी येता का? पोरं घाईत हायेत. मला एकेक वस्तू हातात द्यायला कोणीतरी पायजे, जेला रीत ठाऊक हाय."

इतक्या लोकांतून त्यांनी मला बोलावले. मी पत्नीला सांगितले आणि ती येणार नाही असे धरून चाललो. ती म्हणाली, "येते मी." मला आश्चर्य वाटलेले पाहून तिने खुलासा केला. "राग आहेच. पण चुकलं असं तोंडावर म्हणणारा पुरुष मी माझ्या आयुष्यात तो एकच पाहिला."

भोसरीला जाईपर्यंत मी नजर रस्त्यावरून हलवली नाही.

ते खाटेवर बसले होते. मी एकेक वस्तू त्यांच्या हातात देई, ते चाचपून नाव सांगत, माझी पत्नी शेजारी बसून चिठ्ठी लिही आणि ते तिने बोट ठेवलेल्या जागी सही करत. सुरळीत चालले होते. मध्येच ते चेष्टाही करत. जुन्या सेफ्टी बुटांवरून हात फिरवून म्हणाले, "ह्यांनी माझ्यापेक्षा जास्त ओव्हरटाइम केलाय." मग मी एक पत्र्याची पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यात काकूंचे सामान होते: चष्मा, विणायच्या सुया, अर्धवट विणलेले काहीतरी निळे. त्यांनी त्या विणीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"हे तिचं हाय," ते म्हणाले. "तिला इचारता येत न्हाई. मंग मला कसं ठरवता यील?" आणि माझ्या पत्नीच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवून म्हणाले, "ताई, तुमी सांगा. तुमी म्हनाल तसं."

तिने हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. म्हणूनच ते मला सहन झाले नाही. "काका, माझ्या वेळी तुम्ही मला विचारलं नव्हतं. आज मात्र विचारताय."

त्यांनी मान खाली घातली. "व्हय," ते म्हणाले, "चुकलं व्हतं तवा."

दुसऱ्यांदा, आणि याही वेळी मी तिथे आहे, ऐकतो आहे, हे ठाऊक असताना. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. मी नेहमीसारखा गप्प राहिलो असतो तरी त्या खोलीत कोणी मला विचारणार नव्हते. मी हातातली वस्तू खाली ठेवली. माझा आवाज मुळातच बारीक आहे; तो त्या दिवशी मी मुद्दाम मोठा केला, दोघांनाही नीट ऐकू जावे म्हणून.

"काका, आता पुन्हा माझ्यासाठी चूक कबूल करू नका. अगं, तुझा टाइपरायटर त्यांनी घालवलाच नव्हता. तिसऱ्या रविवारनंतर ते आपल्या जुन्या घरी आलेच नव्हते. मी दिला तो, तू लातूरला असताना, एका अनोळखी हातगाडीवाल्याला. तुला त्या नोकरीला मी जाऊ दिलं नाही, आणि ते यंत्र दिसलं की मला तेच आठवायचं, म्हणून घालवलं. मग तुझ्याशी खोटं बोललो आणि त्यात यांचं नाव घातलं. यांच्या तोंडी असं वाक्य घातलं, जे हे कधी बोलले नसते. यांनी ते मुकाट्यानं अंगावर घेतलं, लोकांनी यांना घरी बोलवायचं सोडलं, आणि मी अकरा वर्षं बघत राहिलो. माझं चुकलं. तुझा मी अपराधी आहे. काका, तुमचाही. मला क्षमा करा."